सगळ्या माना खाली

ओर्फा टॅकेटला एक विद्या येत होती आणि ती कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत: हलायचं नाही. झाडाला पाठ लावून ती बसली की खार तिच्या बुटावरून चालत जायची. नवरा क्लेल म्हणायचा, "हिच्याबरोबर शिकारीला जावं, पण हिच्याशी भांडू नये. भांडणातही ही अशीच बसते." क्लेल जाऊन सहा वर्षं झाली होती. पोरंबाळं नव्हती. मिझुरी राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला, ओझार्कच्या डोंगरांतल्या सीडर फोर्क नावाच्या खोऱ्यात, सहा कोंबड्या, एक गाय आणि अर्धा डोंगर एवढा पसारा सांभाळत ती एकसष्ट वर्षांची झाली होती.

१९५८ सालच्या ऑक्टोबरात सरकारनं तिच्या दाराशी येऊन तीच विद्या मागितली.

सरकार म्हणजे हार्लन व्हॉस. राज्याच्या वन्यजीव खात्यातला उंच, बारीक, चष्मेवाला माणूस. नाक कायम गळकं. त्याला रानटर्की हव्या होत्या, आणि त्याही जिवंत. एकेकाळी या डोंगरांत टर्कींचे थवेच्या थवे होते. लोकांनी ते खाल्ले, विकले, आणि उरले ते निव्वळ हौसेखातर मारले. मग सरकारला जाग आली. वीस वर्षं सरकारनं पिंजऱ्यात टर्की वाढवून हजारांनी जंगलात सोडल्या. त्या बिचाऱ्या झाडावर झोपायचं सोडून जमिनीवर झोपत, आणि माणूस दिसला की पळायचं सोडून त्याच्या ओसरीवर येऊन दाणे मागत. नोव्हेंबरअखेर टर्की खाऊन देवाचे आभार मानायचा थँक्सगिव्हिंगचा सण त्या वर्षांत कोल्ह्यांनी दणक्यात साजरा केला. शेवटी कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला: रानात वाढलेलीच टर्की रानात जगते. आईनं शिकवलेलं तिला येतं, आणि पिंजऱ्याला काही शिकवता येत नाही. म्हणजे उरलेल्या रानटर्की पकडायच्या आणि रिकाम्या जंगलात नेऊन सोडायच्या.

"तुमच्या डोंगरावर बारा आहेत म्हणे," व्हॉस म्हणाला.

"कोण म्हणे?"

"शेणावरून कळलं, बाई. म्हणजे विष्ठेवरून. मादीची गोळा होऊन पडते, नराची आकड्यासारखी वाकडी. तुमच्या कुंपणापलीकडे दोन्ही तऱ्हेची पडली आहे."

ओर्फानं त्याला नीट न्याहाळलं. "साहेब, याच कामाचा पगार देतात का तुम्हाला?"

व्हॉस लाजला, पण हसला. तिथूनच त्यांचं जमलं.

थव्यात एक म्हातारी मादी आणि त्या उन्हाळ्यातली अकरा पिल्लं होती. पिल्लं आता हातभर उंच झाली होती. त्यांतली पाच मुळात दुसऱ्या मादीची होती. तिला जुलैत रानमांजरानं नेलं, तेव्हापासून ती पाचही हिच्याच मागे चालत होती. व्हॉसनं स्पष्ट सांगितलं, या खोऱ्यात चहूबाजूंनी बंदुका आहेत, इथं हा थवा दोन हिवाळे टिकायचा नाही. दोनशे मैल उत्तरेला राखीव जंगल आहे, तिथं पन्नास वर्षांत टर्की ओरडलेली नाही. तिथं या जगतील, वाढतील.

पकडायची रीत अशी. मोकळ्या जागेत रोज मक्याची एक लांब रेघ ओढायची. रेघेच्या कडेला पानाखाली घडी करून मोठं जाळं लपवायचं. जाळ्याला तीन छोट्या तोफा, तोफांना तार, आणि तार पंचवीस पावलांवरच्या देवदारी फांद्यांच्या आडोशात, बटणाच्या पेटीपर्यंत. पक्षी रेघेवर आले की बटण दाबायचं. तोफा उडतात, जाळं त्यांच्यावरून पलीकडे जाऊन पडतं. डोळ्यांचं पातं लवायच्या आत सगळं आटपतं.

"फक्त एक गोष्ट," व्हॉस म्हणाला, आणि हे सांगताना त्याचा आवाज बदलला. "जाळ्याची पुढची दोरी जमिनीपासून हातभरावरून जाते. सगळ्या माना खाली असतील तेव्हाच दाबायचं. एखादी जरी वर असली, तर ती दोरी..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. "माझ्या पहिल्या खेपेला चार गेल्या. एकदम."

महिनाभर ओर्फानं मका टाकला. थवा येऊ लागला, रुळला. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात व्हॉस जाळं घेऊन आला, आणि पनवती लागली. रविवारी त्याच्या चष्म्यावर ऊन चमकलं आणि बारा पक्षी भुर्र. टर्कीला दिवसा जे दिसतं ते माणसाला दुर्बिणीतूनही दिसायचं नाही. सोमवारी व्हॉस शिंकला. मंगळवारी त्यानं शिंक दाबली, तर खोकला आला. गुरुवारी सण, आणि सणानंतर जाळं दुसऱ्या तालुक्यात जाणार होतं. बुधवारची सकाळ तेवढी उरली होती.

"साहेब," मंगळवारी दुपारी ओर्फा म्हणाली, "उद्या तुम्ही अर्ध्या मैलावर गाडीत बसा आणि पोटभर शिंका. बटण माझ्याकडे द्या."

त्याच संध्याकाळी लोंझो आला. लोंझो टॅकेट म्हणजे क्लेलचा धाकटा भाऊ, ओर्फाचा दीर. माणूस वाईट नव्हता, पण हट्टी होता. पणजोबाच्या काळापासून टॅकेटांच्या थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर रानटर्की असायची. कायद्यानं शिकारीला बंदी घालून एकवीस वर्षं झाली तरी लोंझोच्या मते तो कायदा टॅकेटांना विचारून केलेला नव्हता. गेली अठरा वर्षं मात्र टर्कीच मिळत नसल्यानं त्याचा हट्ट आणि कायदा दोन्ही शाबूत होते.

ओसरीत येताच त्याची नजर पोत्यांवर गेली.

"वहिनी, सहा कोंबड्यांना दोन पोती मका?"

"हिवाळा येतोय."

"कोंबड्यांना की तुला?" तो खुर्चीत टेकला. "त्या चष्मेवाल्याची गाडी रोज पहाटे वर जाते. तो काय गायीचं दूध काढायला येतो? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? किती आहेत?"

"कसल्या?"

"अगं, उद्याचा एक दिवस. एकच हवीये मला. दुकानातली टर्की म्हणजे ओला कापूस. तिला धड उडता येत नाही, ती काय माझ्या बापजाद्यांच्या ताटात शोभणार?"

"या वर्षी डुकराची तंगडी भाजणार आहे मी. हवी तर ये, नको तर घरी बस."

"क्लेल असता ना, तर..."

"क्लेल असता तर त्यानं तुला कधीच हाकललं असतं. जा आता."

लोंझो हसत गेला. पण त्याच्या हसण्यात उत्तर मिळाल्याचं समाधान होतं, आणि ओर्फा धास्तावली. डोंगरावर टर्की आहेत हे आता त्यालाही ठाऊक होतं.

तिच्या या धास्तीला कारण होतं आणि ते एकोणीस वर्षं जुनं होतं. १९३९ साली अध्यक्षांनी थँक्सगिव्हिंग एक आठवडा अलीकडे ओढला, व्यापाऱ्यांना नाताळच्या विक्रीला जास्त दिवस मिळावेत म्हणून. काही राज्यांनी ऐकलं, काहींनी धुडकावलं. मिझुरीनं ऐकलं, शेजारच्या आर्कान्सानं नाही. सीडर फोर्क अगदी सीमेवर, त्यामुळे तिथल्या लोकांना त्या वर्षी दोन सण मिळाले: एक घरी, आणि आठवड्यानं ओढ्यापलीकडे, पाहुण्यांकडे. लोकांची थट्टा मस्करी रंगली, देवाचे दोनदा आभार मानले गेले. आणि टर्कीही दोनदा मारल्या गेल्या. पहिल्या सणाला क्लेलनं मोठा नर आणला. दुसऱ्या सणाला ओर्फाच्या बहिणीकडे जायचं होतं. लोंझो म्हणाला, "आर्कान्साच्या लोकांपुढे टॅकेट रिकाम्या हातानं जाणार?" तेव्हा ओर्फानं बंदूक उचलली आणि आणखी एक नर पाडला. तिच्या निशाण्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. प्रत्येकाला वाटत होतं, पुढच्या डोंगरावर नर असतीलच. पुढच्या डोंगरावरच्या लोकांनाही तेच वाटत होतं.

वसंतात नराचा आवाज आलाच नाही. एक मादी मात्र कुंपणाखाली दहा अंडी घेऊन बसली. अठ्ठावीस दिवसांत पिल्लं निघायला हवीत. ती चाळीस दिवस बसली, पन्नास दिवस बसली. पावसात बसली, हाडं वर येईपर्यंत बसली. ओर्फा रोज लांबून बघायची. जूनच्या शेवटी मादी एक दिवस उठली आणि निघून गेली. ओर्फानं अंडी फोडून पाहिली. एकातही जीव नव्हता. यातलं तिनं क्लेललासुद्धा कधी सांगितलं नाही. त्यानंतर पंधरा वर्षं खोरं मुकं होतं, आणि मग दक्षिणेच्या सरकारी जंगलातून हे नवे पक्षी भटकत आले होते.

बुधवारी पहाटे कडाक्याची थंडी होती. ओर्फा उजाडायच्या आतच आडोशात जाऊन बसली. पेटी मांडीवर, उजवा अंगठा बटणाशेजारी. बटणावर नाही, कारण थंडीनं बोट आखडलं तर घात व्हायचा.

उजाडलं तसे वरच्या ओकच्या झाडांतून पंख फडफडले. आधी म्हातारी उतरली. तिनं चारी दिशा पाहून घेतल्या आणि घशातल्या घशात काहीतरी म्हणाली. मग एकेक करून पोरं धपाधप उतरली. नऊ, दहा, अकरा. सगळी रेघेकडे धावली.

माना खाली गेल्या. सात खाली, चार वर. नऊ खाली, दोन वर. दोन तरुण नर एका दाण्यावरून छाती काढून भांडले, त्यांच्या डोक्यांचा रंग निळ्याचा लाल झाला, मग विसरले आणि खाऊ लागले. आता अकरा खाली. आणि म्हातारी रेघेच्या अलीकडच्या टोकाला, मान ताठ करून उभी. पोरं जेवेपर्यंत आई जेवत नाही, हे ओर्फाला महिनाभर दिसत होतं. शेवटी मात्र तीही दोन-चार दाणे टिपायची. त्या दोन-चार दाण्यांची ओर्फा वाट बघत होती.

तेवढ्यात म्हातारीनं मान वळवली. ओर्फाच्या आडोशाकडे नाही, समोर, मोकळ्या जागेच्या पलीकडे पडलेल्या ओकच्या बुंध्याकडे. ओर्फानं फक्त बुबुळं हलवली. बुंध्याच्या वर टोपीची कड होती. कडेखाली बंदुकीची नळी.

लोंझो.

आता हिशेब सरळ होता आणि भयंकर होता. तिला माना खाली हव्या होत्या. लोंझोला माना वर हव्या होत्या. टर्कीच्या अंगावर छर्रे मारले तर मांस वाया जातं, म्हणून शिकारी मान उंचावेपर्यंत थांबतो, आणि उंचावत नसेल तर तोंडानं एक हाक देतो. हाक ऐकली की सगळा थवा एकदम माना वर काढतो. मग गोळी. एका बारात दोन-तीन पडतात, बाकीच्या उडतात, आणि त्या जागी महिनोन्‌महिने फिरकत नाहीत.

ओरडावं? थवा उडेल, लोंझो उडत्यावरही मारेल, आणि जाळं उद्या इथं नसेल. थांबावं? किती? लोंझोचा डावा हात बुंध्यावरून हळूच तोंडाकडे जाऊ लागला होता. त्याला आडोसा दिसला नव्हता. वहिनी समोरच बसलीये हे त्याच्या गावीही नव्हतं.

अकरा खाली. एक वर.

'घाल गं बाई मान खाली,' ओर्फा मनात म्हणत होती. 'एक दाणा. एकच. तुझ्या पोरांसाठी.'

म्हातारी बुंध्याकडे एकटक बघत होती. तिच्या गळ्यातून बारीकसा 'पट्' असा आवाज आला, धोक्याचा पहिला आवाज. एका तरुण मादीनं मान अर्धी उचलली आणि परत खाली घातली. दुसरा 'पट्' आला असता तर सगळं संपलं असतं.

लोंझोचा हात ओठांपाशी पोचला. ओर्फाचा अंगठा बटणावर गेला.

म्हातारीची मान वरच होती. ओर्फाला ती दिसत होती, स्पष्ट, डोळ्याभोवतीच्या सुरकुत्यांसकट. तिनं बटण दाबलं.

तोफांच्या आवाजानं डोंगर हादरला. ओर्फा अडखळत, पडत धावली. जाळ्याखाली सगळा गलबला चालला होता. समोरून लोंझो बुंध्यावर उभा राहून ओरडत होता, "कोण आहे? कोण आहे तिकडे?"

"तुझी वहिनी! ती बंदूक ठेव खाली आणि जाळ्यावर आडवा पड! पंख मोडून घेतील त्या!"

लोंझो टॅकेटनं आयुष्यात एकदाच मुकाट्यानं ऐकलं, ते तेव्हा. दोघं दोन कडांवर पालथी पडली. व्हॉसची गाडी उसळत आली. एकेक पक्षी जाळ्यातून सोडवून पुठ्ठ्याच्या खोक्यात गेला. खोक्यात अंधार झाला की टर्की गप्प होते. सात माद्या, चार नर, एकही जखमी नाही.

म्हातारी जाळ्याच्या कडेशी पडली होती. तिला सोडवायची गरज नव्हती.

"बारांपैकी अकरा," व्हॉस हळूच म्हणाला. "बाई, हे फार चांगलं झालं. मी पहिल्या खेपेला चार मारल्या होत्या."

"तुम्ही दाबलंत तेव्हा त्यांच्या माना तुम्हाला दिसत होत्या?"

व्हॉसनं जवळच्या खोक्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

"मला दिसत होती," ओर्फा म्हणाली.

लोंझो टोपी हातात घेऊन उभा होता. "वहिनी, मी अजून हाक दिली नव्हती," तो पुटपुटला. "हात गार पडले होते, फुंकर मारत होतो. तू जरा थांबली असतीस, तर तिनं..."

त्यानं पुढचं गिळलं. पण जे ऐकू यायचं ते ओर्फाला ऐकू आलं होतं. खरं काय झालं असतं, हे आता देवालाच विचारावं. व्हॉसनं मेलेली मादी खात्याच्या पिशवीत घातली, चिठ्ठी बांधली. सणाच्या आदल्या दिवशी डोळ्यांसमोर आलेली रानटर्की लोंझोनं मागितली नाही.

ओर्फा गाडीत व्हॉसशेजारी चढून बसली. त्यानं बोलावलं नव्हतं, आणि नको म्हणायची त्याची छाती नव्हती.

उन्हं कलली तेव्हा ते त्या राखीव जंगलात पोचले. ओढा, उतार, दाट ओकची झाडं, जमिनीवर फळांचा खच. व्हॉसनं एकेक खोकं उघडलं. पहिला नर बाणासारखा सुटला, झाडांवरून पार ओढ्यापलीकडे. मादी उलट दिशेला. पाच मिनिटांत अकरा पक्षी अकरा दिशांना गेले. व्हॉसचा चेहरा उजळला होता, वहीत तो भराभर लिहीत होता.

मग आवाज सुरू झाले. बारीक, कापरी शीळ, तीन-तीनदा. आधी ओढ्याकडून, मग वरून, मग सगळीकडून. हरवलेलं पिल्लू आईला विचारतं तो आवाज. विचारायचं आणि गप्प होऊन उत्तराची वाट बघायची.

"गोळा होतील ना?" ओर्फानं विचारलं.

"बहुधा."

"बहुधा?"

व्हॉसनं वही मिटली. "एक मोठी मादी बरोबर असली की ती हाक देते आणि सगळी जमतात. एकेकटी राहिली तर परक्या जंगलात घुबड आहे, कोल्हा आहे... पण कधीकधी आपली आपणही जमतात. म्हणून बहुधा."

ओर्फा उतारावर चालत गेली आणि एका जाड ओकच्या बुंध्याला टेकून बसली. ओझार्कमध्ये पोरं नीट बोलायला लागायच्या आधी टर्कीची हाक शिकतात. बहुतेकांना तिचा उपयोग एकच माहीत असतो. तिनं घसा ओला केला आणि म्हातारी मादी देते तशी हाक दिली, सावकाश, ठसठशीत. पहिली फाटली. दुसरी बरी आली.

वरची शीळ थांबली. मग पानं खुडखुडली. दोन पोरं उतरत आली, मागून तीन. ओर्फाच्या पाठीमागून, झाडाच्या पलीकडून त्यांची पावलं ऐकू येत होती. बघायला वळायची सोय नव्हती. ती हाक देत राहिली. सात. नऊ. उजेड राखाडी होत चालला होता. दहावा उडत आला. अकरावा, तो पहिला नर, ओढ्यापलीकडून ओरडत होता आणि ओलांडत नव्हता.

ओर्फाचा घसा बसला. तिनं पुन्हा हाक द्यायला तोंड उघडलं आणि हवा नुसतीच निघाली. पलीकडची शीळ दूर जाऊ लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ती ते पुसू शकत नव्हती.

तेव्हा त्या दहांतल्या एका तरुण मादीनं हाक दिली. शीळ नाही, हाक. खरखरीत, चुकत, पण म्हातारीचीच. एकदा दिली, थांबली, पुन्हा दिली. ओढ्यावर पंख वाजले आणि अकरावा येऊन थव्यात धपकन उतरला.

ओर्फाला घसा सापडला होता. न राहवून तिनं एक हळू साद घातली आणि बुंध्याआडून पाहिलं. एकाही पक्ष्यानं मान वळवली नाही. तरुण मादी पुढे झाली, बाकीचे दहा तिच्यामागे, आणि सगळे उतार चढून गेले. याच एका गोष्टीसाठी ओर्फा दोनशे मैल आली होती, तरी ते तिला लागलं. वरच्या झाडांत एकामागून एक पंख फडफडले. तिनं अकरापर्यंत मोजलं आणि मग ती गाडीकडे निघाली.